सोळा बूथांची सावड

२ डिसेंबर, सोमवार

आज सकाळी मी शेडच्या दाराशी चपला काढल्या आणि अनवाणी आत गेलो. देवळात जातो तसा. मुद्दाम काही केलं नाही, पाय आपोआप थांबले आणि चपला निघाल्या. समोर हरेश सर उभे होते. ते ओरडलेच, "भिमाकाका, अहो सेफ्टी शूज! इथं पायावर ठिणगी पडली तर हळद लावायला कोण बसलंय?"

मुलं हसली. सोळा जण आहेत, त्यांत पाच मुली. मीही हसलो आणि शूज घातले.

याच शेडमध्ये मी अठरा वर्षं वेल्डिंग केलं. अकरा वर्षांपूर्वी कारखाना बंद झाला. तेव्हापासून शहापूरला ग्रिलच्या दुकानात खिडक्यांच्या जाळ्या आणि फाटकं करत आलो. मधल्या काळात मुरबाडला येणं झालं तरी औद्योगिक वसाहतीच्या या टोकाकडे मी बघत नसे. छपरात पिंपळ उगवला होता. आता छप्पर नवं, भिंती पांढऱ्या, एकेकाला काम करायला सोळा बूथ, प्रत्येक बूथवर धूर ओढून घेणारी नळी. पिंपळाचं रोप हरेश सरांनी मुळासकट काढून गेटाजवळ लावलं आहे. त्याला नवी पानंही आली आहेत. मी बराच वेळ ती पानं बघत उभा होतो.

वसाहतीत दोन नवे कारखाने सुरू झाले, तिसरा उभा राहतो आहे. मोठ्या टाक्या बनवणाऱ्या कंपनीला वेल्डर हवेत. जानेवारीअखेर परीक्षा, पास होतील ते सगळे कंपनीत. हरेश सर या प्रशिक्षण केंद्राचे प्रमुख, वाशिंदचे, वय एकोणतीस. मी त्यांचा सहायक. मुलांची प्रगती लिहायला मला दोन वह्या मिळाल्या. त्या कामाला एक पुरते. दुसरी ही.

९ डिसेंबर, सोमवार

आज विस्तवाशिवाय वेल्डिंग पाहिलं. हरेश सरांनी एक यंत्र आणलं आहे. डोक्यावर हेल्मेट चढवायचं, हातात होल्डर धरायचा, आणि समोर काही नसताना आत प्लेट दिसते, रॉड दिसतो, ठिणग्याही उडतात. हात हलला की यंत्र सांगतं किती हलला. मी करून पाहिलं. शंभरातले एक्क्याण्णव गुण दाखवले. मला उगाच लाज वाटली, इतक्या वर्षांत माझ्या हाताला कोणी गुण दिले नव्हते.

हरेश सर म्हणाले, "काका, तुमच्याकडे सर्टिफिकेट नाही हे कोणाला खरं वाटणार नाही. तुम्हीही परीक्षेला बसा. फॉर्म देतो."

मी म्हटलं, बघू.

मुलींतल्या काजलने दुपारी "सर, जरा इकडं या" अशी हाक मारली. मी मागे वळून पाहिलं, हरेश सर आले की काय म्हणून. ती मलाच बोलवत होती.

१७ डिसेंबर, मंगळवार

रत्ना नावाची मुलगी आहे, आमच्याच गावाच्या कडेच्या वाडीतली. दिवाळीनंतर वाडी वीटभट्टीवर जाते. आईबाप तिकडे गेले, ही एकटी मागे राहिली. पास नाही झाली तर मुकादमाची गाडी तिला न्यायला येणार, असं ठरलं आहे.

तिचा हात पाहिला आणि अंगावर काटा आला. मला जे यायला चार वर्षं लागली ते तिला पंधरा दिवसांत आलं. पहिला रन, म्हणजे दोन प्लेटांच्या तळाशी भरायचा जोड, सगळ्यांत अवघड. तो ती श्वास रोखून भरते. मी तिला म्हटलं, कान दे. जोड नीट लागत असला की तव्यावर भाकरी भाजल्यासारखा एकसारखा आवाज येतो.

"माजे कान भट्टीच्या आवाजानं गेलंत काका," ती म्हणाली. "मी उजेडावर बघतंय. उजेड थरारला की हात सरकवतंय."

काळ्या काचेतून तो उजेड मी तीस वर्षं पाहतो आहे. सूर्याकडे बघू नये म्हणतात, पण हा सूर्य आपण हातात धरतो. रोज पहिला रॉड पेटवताना मी मनात देवीचं नाव घेतो. कोणाला सांगत नाही.

दीपेश मात्र मागे आहे. किन्हवलीकडचा शेतकऱ्याचा मुलगा, जीभ जोरात, हात कच्चा. त्याचा जोड पाहून मी म्हटलं, हे काय केलंस? तर म्हणतो, "काका, वरनं मस्त हाय ना? आत कोण बघतंय?"

२४ डिसेंबर, मंगळवार

आज मी एक गोष्ट सुरू केली. रोज काही जणांचं काम लवकर होतं आणि ती बाहेर जाऊन मोबाइल बघत बसतात. मागे राहिलेल्यांचा धीर सुटतो. मी सगळ्यांना गोळा केलं आणि म्हटलं, आपण भाताची आवणी कशी करतो? आज माझं शेत, उद्या तुझं. पैसा नाही, मजुरी नाही. ज्याचं लवकर उरकलं तो शेजारच्या बांधावर जातो, आणि शेवटचं शेत लागल्याशिवाय कोणी घरी जात नाही. इथंही तसंच करू. सावड.

सगळ्यांना लगेच कळलं. रत्ना तेवढी खाली बघत होती.

"काय गो?"

"आमाला शेत नाय काका. आमी सावडीत कशी येणार?"

मी म्हटलं, "तुझा बूथ हेच तुझं शेत."

तिने बूथकडे पाहिलं. मग खांद्यावरची ओढणी काढून आतलं टेबल पुसलं. पुसायचं काही नव्हतं.

३१ डिसेंबर, मंगळवार

शेड बदलली आहे. कोणी घड्याळ बघत नाही. रत्ना दीपेशच्या मागे उभी राहून त्याचं कोपर धरते. तो बडबडतो, "धर गो धर, नायतर माझा हात पळून जायचा." काजल दोघांचा स्लॅग, म्हणजे जोडावर साचलेली खपली, झाडते. सोळा बूथ सोळा सुरांत तडतडत असतात आणि मधूनच ते एका सुरात येतात. तेव्हा मी हातातलं काम थांबवून ऐकतो.

हरेश सर फोटो काढून नेतात. "काका, हे टीमवर्क म्हणजे कमाल आहे," म्हणाले. मार्चपासून मला कायम करायचं पत्र त्यांनी वर पाठवलं आहे. आता सगळीच मुलं मला भिमा सर म्हणतात.

४ जानेवारी, शनिवार

हरेश सरांनी फॉर्म दिलाच. नाव, वय, शिक्षण. शिक्षणापाशी मी थांबलो. सातवी, जिल्हा परिषद शाळा. फॉर्म घरी आणून देव्हाऱ्यात देवीच्या तसबिरीखाली ठेवला. देवीचा कौल घेईन आणि मग भरीन. घाई कशाला? मुलांच्या परीक्षेत माझी लुडबूड नको.

सुंदरा, माझी बायको, दिवा लावताना म्हणाली, "कागूद देवीला वाचाया ठेवलाय का?"

१४ जानेवारी, मंगळवार

म्हसा गावच्या जत्रेला मुलांनी मला ओढून नेलं. रत्नाने आयुष्यात पहिल्यांदा पाळण्यात बसून पाहिलं. उतरल्यावर म्हणाली, वरून वसाहत दिसली, सगळे दिवे लागलेले. त्यातला एक दिवा आपल्या शेडचा.

२८ जानेवारी, मंगळवार

परीक्षा झाली. झाली म्हणजे मोडली.

परीक्षक योगिनी मॅडम कल्याणहून आल्या. चाळिशीच्या, शांत. हरेश सरांनी नियम वाचून दाखवले. आपापलं काम पूर्ण करा, वेळ अडीच तास. सगळे आपापलं काम करतही होते. रत्नाचं वीस मिनिटं आधी झालं. तिने स्लॅग झाडला, प्लेट बाजूला ठेवली, आणि सरळ दीपेशच्या बूथमध्ये जाऊन त्याचा तिसरा रन भरायला घेतला. मागोमाग काजल उठली. मग आणखी तिघं. लपून नाही, चोरून नाही, रोजच्यासारखी.

मी कोपऱ्यात चिपिंगची हातोडी घेऊन उभा होतो. मी हे पाहिलं. मला त्यात वावगं काहीच दिसलं नाही. उलट वाटलं, आता शेवटचं शेत लागणार.

मॅडमनी टेबलावरून मान वर केली आणि उभ्याच राहिल्या. "थांबा! सगळे थांबा! ती मुलगी दुसऱ्याच्या बूथमध्ये काय करतेय?"

रत्नाने हेल्मेट वर केलं. "आमची सावड हाये बाई."

"ही कॉपी आहे. हे कोणी शिकवलं तुम्हाला?"

मी बोलणार होतो. तेवढ्यात रत्ना म्हणाली, "मीच सुरू केली."

सोळाही जणांचा निकाल रोखला आहे.

२९ जानेवारी, बुधवार

काल लिहिलं ते खरं नाही. "तेवढ्यात" नव्हतं. मॅडमनी विचारलं आणि रत्ना बोलली, यामध्ये वेळ होता. एक अख्खा रॉड जळून संपेल इतका वेळ होता. सोळा जण माझ्याकडे बघत नव्हते. मुद्दाम बघत नव्हते. आणि मी हातोडीच्या दांड्यावरचा डाग बघत होतो.

१ फेब्रुवारी, शनिवार

हरेश सरांनी बोलावलं. चेहरा उतरला होता. वरून विचारणा झाली आहे, प्रकार कोणी सुरू केला? रत्नाने 'मीच' असं लिहून दिलं, खाली सही केली. पंधरा जणांची फेरपरीक्षा होईल, रत्नाला वर्षभर बसता येणार नाही. कंपनी पंधरांसाठी थांबायला तयार आहे.

"काका, मलाही वाईट वाटतं," ते म्हणाले. "पण पंधरा मुलं वाचतायत. तुमचं नाव मी कुठंच येऊ दिलेलं नाही. मार्चचं पत्रही शाबूत आहे."

मी मान हलवली. काय म्हणून हलवली, कळत नाही.

बाहेर दीपेश पिंपळाजवळ बसला होता. नेहमीसारखा बडबडला नाही. "रत्ना नाय, तर मी पन नाय बसत," एवढंच म्हणाला. मी त्याला रागावलो, की असं वेड्यासारखं करू नये, संधी परत येत नाही. तो मला म्हणाला, "बरं सर." आज तो सर कानाला लागला.

४ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी गावदेवीला गेलो. कौल लावला. देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओली फुलं चिकटवायची आणि प्रश्न विचारायचा. उजवं पडलं तर हो. मी विचारलं, गप्प राहिलो तर चालेल का? पंधरा मुलांचं भलं होतंय, मी बोललो आणि सोळाही बुडाली तर?

बराच वेळ बसलो. एकही फूल पडेना. मग उठलो आणि दोन्ही फुलं माझ्याच हाताने काढून घेतली. उत्तर मला येताना ठाऊक होतं. मी देवीकडे दुसरं उत्तर मागायला गेलो होतो.

घरी आल्यावर सुंदराला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती, हात थांबला नाही.

"रत्नाची आयशी आपल्या शेतावर किती वर्सं येती?"

"असतील वीस."

"तिला कदी सावडीत घेतलीत?"

मी म्हटलं, "तिला कुठं शेत आहे? आपण तिला मजुरी देतो."

"तेच म्हंती मी," सुंदरा म्हणाली. "संध्याकाळी आपन समदी एका पंगतीत जेवतो न् ती पदरात घेऊन जाती. तुमी तिच्या पोरीला पयल्यांदा सावडीत घेतलीत. ती सावड ती कशी मोडंल? ती जीव देईल, पन तुमचं नाव नाय घेनार."

वीस वर्षं ती बाई माझ्या बांधावरून पदरात भात घेऊन जाते आणि मी कधी पाहिलंच नाही. जोडाच्या आत काय आहे ते सांगणारा मी.

६ फेब्रुवारी, गुरुवार

कल्याणला जाऊन आलो. हरेश सरांना आधी सांगितलं. ते म्हणाले, "काका, स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेताय." मी म्हटलं, तुम्ही शूज दिलेत ना.

योगिनी मॅडमच्या टेबलावर माझी चिठ्ठी ठेवली. घरी चार वेळा लिहून काढली होती. सावड मी सुरू केली. मुलांनी माझं ऐकलं. परीक्षेच्या दिवशीही मी पाहत होतो आणि मला ती चूक वाटली नाही. रत्नाने खोटी सही केली आहे, माझ्यासाठी.

त्यांनी दोनदा वाचली. "त्या दिवशी का बोलला नाहीत?"

"भ्यालो."

"कशाला? नोकरीला?"

मी खरं ते सांगितलं. "सातवी शिकलेल्याला मुलं सर म्हणत होती. ते जाईल म्हणून."

त्यांनी चिठ्ठी घडी करून बाजूला ठेवली. मग ड्रॉवरमधून लोखंडी खिळ्यासारखं काहीतरी काढून माझ्या तळहातावर ठेवलं. टोकाला उलटा आकडा कोरलेला. "नंबराचा पंच. जोड पूर्ण झाला की वेल्डर त्याच्या शेजारी आपला नंबर ठोकतो. तीस वर्षांनी टाकी फुटली तरी हात कोणाचा होता ते कळतं. दीपेशच्या प्लेटवर दीपेशचा नंबर पडणार होता आणि वरचा रन रत्नाचा. खाली माणसं उभी असतात, भिमाकाका. माझं आजोळही भाताच्या मुलखातलं. सावड मला कळते. पण भात फुटत नाही."

मी पंच हातात फिरवत राहिलो. आमच्या कारखान्यात नंबर नव्हते. अठरा वर्षांत मी किती जोड घातले असतील, ते कुठे असतील, कोणाच्या डोक्यावर असतील, आणि त्यांतल्या एकावरही माझं नाव नाही. शेतात कोणी कुठली काडी लावली ते विसरायचं असतं, म्हणून सावड टिकते. इथं विसरायचं नसतं. दोन्ही खरं आहे. एवढं मोठं खरं एवढ्याशा खिळ्यावर मावतं, याचंच नवल वाटत राहिलं.

निघताना मॅडम म्हणाल्या, "एक विचारू? दीपेशची प्लेट मी तरीही कापून पाहिली. पहिला रन त्याचा स्वतःचा होता. चांगला होता. त्याला कोणी शिकवलं?"

मी म्हटलं, रत्नाने.

१२ फेब्रुवारी, बुधवार

पत्र आलं. रत्नासह सोळाही जणांची फेरपरीक्षा. सर्टिफिकेट नसलेल्या सहायकाला मुलांना शिकवण्यास मनाई. हरेश सरांनी दुसरा परिच्छेद हळू आवाजात वाचला.

मी बूथांमधले रॉड जागेवर लावले आणि शेडबाहेर आलो. रत्ना गेटापर्यंत आली. "काका, तुमी कशाला सांगितलं?" भांडायच्याच आवाजात. "माजं मी बघलं असतं."

"तुझं तू बघायचं असतं तर सावड कशाला?" मी म्हटलं.

ती रडली नाही. पिंपळाला पाणी घातलं आणि आत गेली.

१५ फेब्रुवारी, शनिवार

देव्हाऱ्यातला फॉर्म काढला. खालच्या कोपऱ्याला हळद लागली आहे. शिक्षणापाशी या खेपेला थांबलो नाही, इयत्ता सातवी लिहिलं. पुढे गावाच्या शाळेचं नावही लिहिलं. तेवढी जागा नव्हती, बारीक अक्षरात बसवलं.

सुंदरा म्हणाली, "देवीचा वाचून झाला वाटतं."

२० फेब्रुवारी, गुरुवार

हे सगळं जसंच्या तसं लिहून ठेवतो.

आज फेरपरीक्षा झाली. सोळा बूथ, परीक्षेला आम्ही सतरा जण. मॅडम म्हणाल्या, पहिला बूथ रिकामा झाला की भिमाकाका सुरू करतील. मी भिंतीपाशी बाकड्यावर बसलो. पहिल्यांदा मी ते सोळा उजेड काचेतून एकत्र पाहिले, काम न करता. प्रत्येकाचा वेगळा. काजलचा घाईचा, दीपेशचा अडखळून पुन्हा सावरणारा. रत्नाचा हलतच नव्हता.

अपेक्षेप्रमाणे तीच आधी उठली. नंबर ठोकला, प्लेट टेबलावर ठेवली. मग तिचे पाय दीपेशच्या बूथकडे वळले आणि थांबले. तिने दोन्ही हात पाठीमागे बांधले. तशीच मागे फिरली, आणि जाताना स्वतःचा बूथ झाडून टेबल ओढणीने पुसून ठेवलं. तो बूथ मला मिळाला.

पहिला रॉड पेटवताना देवीचं नाव घेतलं. चष्म्यावर वाफ येत होती, गुडघा दुखत होता. तीस वर्षांत इतका हळू जोड मी घातला नसेन. माझ्या मागे एकेक बूथ विझत गेला. मग फक्त माझाच आवाज उरला, तव्यावरच्या भाकरीसारखा. मधेच तो तुटला. कोपर धरायला कोणी येणार नव्हतं. मी थांबलो, उजेड थरारला तो कुठे ते पाहिलं, रत्ना बघते तसं, आणि तिथूनच पुन्हा धरलं.

हेल्मेट काढलं तेव्हा किन्हवलीची चारची एस.टी. कधीच गेली होती. सोळाही जण भिंतीपाशी उभे होते, हात पाठीमागे बांधून. त्यांच्या प्लेटा तोवर दाबयंत्रात वाकवून झाल्या होत्या. रत्नाची घोड्याच्या नालासारखी वाकली, कुठे केसाएवढी चीर नाही. दीपेशचीही टिकली. सोळाही टिकल्या. हे सगळं झालं होतं आणि एकही जण हलला नव्हता.

मॅडम त्यांना म्हणत होत्या, "अरे, तुमचं झालं ना? निघा की आता."

दीपेश म्हणाला, "आमचं नाय झालं मॅडम. एक शेत बाकी हाय."

मॅडमनी त्याच्याकडे पाहिलं, मग खुर्ची ओढून त्याही बसल्या.

मी पंच जोडाशेजारी उभा धरला. हातोडी मारली. आधी एक, मग सात. प्लेट अजून गरम होती. चिमट्याने उचलली आणि मॅडमच्या टेबलावर नेऊन ठेवली.